नवे माप आणि जुने गुरुजी

वाचकहो, आरंभीच आपल्याला एक उदाहरण घालतो. कागद-पेन्सिल शोधू नका. तोंडीच सांगायचे आहे. गव्हाचा भाव बारा रुपये मण. तर अडीच शेर गव्हाला किती पडतील?

ज्यांची शाळा १९५७ पूर्वी झाली, अशी कुणी वडीलधारी माणसे घरात असतील तर त्यांना विचारून पाहा. तुमचा प्रश्न पुरा होण्याआधी ती म्हणतील, "बारा आणे!" आणि वर असेही म्हणतील, "ह्यात विचारण्यासारखं काय आहे?" आपण मात्र भागाकार मांडून बसू. ही जादू नव्हे. मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा. चाळिसाला सोळांनी भागले की येतात अडीच. म्हणून जितके रुपये मण, तितक्या आण्यांना अडीच शेर. भाव बाराचा असो की सतराचा, आकडा तोच राहतो. नुसता 'रुपये' हा शब्द काढून 'आणे' म्हणायचे.

अशा किल्ल्यांना आपल्याकडे आडाखे म्हणत. ते एकदोन नव्हते. शेराच्या छटाका सोळा, रुपयाचे आणेही सोळा. म्हणून शेराला जितके रुपये, छटाकेला तितके आणे. तूप पाच रुपये शेर असले तर छटाकभर तुपाला पाच आणे. सोनाराच्या दुकानात तोळ्याचे मासे बारा, माशाच्या गुंजा आठ. म्हणजे तोळ्याच्या गुंजा शहाण्णव. इकडे रुपयाच्या पया एकशे ब्याण्णव, बरोबर दुप्पट. म्हणून तोळ्याला जितके रुपये, गुंजेला त्याच्या दुप्पट पया. असं बघा, नाणे आणि वजन एकाच चुलीवर शिजलेले होते. एकाचा पदर दुसऱ्याच्या पदराला बांधलेला होता.

हा सारा कारभार ज्याच्या जिभेवर होता तो गावचा मास्तर. दोन ते तीसपर्यंतचे पाढे तर होतेच. शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनपटीची औटकी. आज आपण त्याला घोकंपट्टी म्हणून नाक मुरडतो. घोकंपट्टी ती होतीच. परंतु निरर्थक नव्हती. मघाचे उदाहरण आठवा: अडीच शेराचा आडाखा वापरायचा तर अडीचकी पाठ हवीच. शाळेत जे घोकले जाई ते संध्याकाळी वाण्याच्या दुकानात उपयोगी पडे. ज्या मुलाला पावकी-निमकी येई त्याला वाणी फसवू शकत नसे. आणि ज्या गुरुजींनी ती शिकवली त्यांना गाव मान देई. सावकाराचे व्याज बरोबर आहे का, वाटणीचे धान्य पुरे आले का, हे विचारायला माणसे शाळेच्या ओसरीवर येत. गुरुजींची गावातली पत बरीचशी ह्या तोंडी हिशेबावर उभी होती.

आता माझ्या विषयाला हात घालतो. गणिताचे माप बदलले की मुलांचे काय होते, याची चर्चा आपण नेहमी करतो. शिकवणाऱ्याचे काय होते, हे फारसे कुणी विचारत नाही. मुलाची पाटी कोरी असते. तिच्यावर शंभर लिहा की सोळा लिहा, तिला सारखेच. गुरुजींची पाटी कोरी नसते. तीस वर्षे त्यांनी तिच्यावर गिरवलेले असते. आधी ते पुसायचे आणि मग नवे लिहायचे, आणि हे सारे चाळीस मुलांच्या देखत! आपल्या देशात ही पाळी १९५७ मध्ये आली. ती कशी आली आणि तिच्यातून काय शिकण्यासारखे आहे, एवढेच आज सांगायचे आहे.

त्याआधी एक मागची गोष्ट. शाळेत नवे गणित येण्याची ही पहिली वेळ नव्हती. पेशवाई गेल्यावर मुंबईत १८२२ मध्ये शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. जॉर्ज जर्विस नावाचे एक इंजिनियर अधिकारी तिच्या कामात होते. त्यांनी पंडितांना हाताशी धरून, हटन या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथांच्या आधाराने, मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली. त्या मंडळीने एक शहाणपणाची गोष्ट केली. नुसती पुस्तके छापून ती गावोगाव धाडली नाहीत. आधी माणसे शिकवली. असे तयार झालेले चोवीस शिक्षक १८२६ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवण्यात आले. चोवीस ही संख्या एवढ्या मोठ्या इलाख्याला म्हणजे दर्यामें खसखस. तरीपण क्रम बरोबर होता: आधी मास्तर, मग मुले, आणि मास्तरांच्या हाती त्यांच्याच भाषेतले पुस्तक.

दुसरी गोष्ट १८७१ ची. त्या साली हिंदुस्थान सरकारने वजनमापांचा एक कायदा केला. शेर हे नाव कायम ठेवायचे, पण त्याचे वजन फ्रान्समधल्या किलोग्रॅमइतके करायचे, अशी ती योजना होती. पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १८७२ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा अंदमानात खून झाला. तो कायदा पुढे कधी अमलात आलाच नाही, कागदावर राहिला. शेर पूर्वीसारखाच ऐंशी तोळ्यांचा राहिला, आणि तोही एका गावचा एक तर दुसऱ्या गावचा निराळा. धान्य मापायची निळवी, कोळवी, चिपटी, मापटी आणि पायल्या यांचे तर विचारूच नका. ज्या गावी जावे तिथली पायली वेगळी. गरीब माणसाचे नुकसान नेमके इथे होई. घेताना एक माप आणि देताना दुसरे, हा आपल्या बाजारांचा जुना रोग होता. तेव्हा माप बदलणे हे केवळ विद्वानांचे खूळ नव्हते, त्यात न्यायाचा प्रश्न होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर हे काम नेटाने हाती घेतले गेले. १९५५ मध्ये नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर भाग झाले. जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा भाग होता. त्याच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून नव्याला 'नया पैसा' म्हटले. नाण्यावरच लिहिलेले असे, 'रुपये का सौवाँ भाग'. हा 'नया' शब्द पुढे १९६४ मध्ये गळून पडला. वजनमापांचा कायदा १९५६ च्या डिसेंबरात झाला. ऑक्टोबर १९५८ पासून काही ठरावीक भागांत किलोग्रॅम आला आणि टप्प्याटप्प्याने पसरत १९६२ च्या एप्रिलपर्यंत देशभर वजनांत तोच सक्तीचा झाला.

वाचकहो, ह्या तारखा जरा पुन्हा पाहा. नाणे बदलले १९५७ मध्ये. वजन पुरते बदलले १९६२ मध्ये. मधली पाच वर्षे काय होती? रुपया शंभराचा आणि शेर सोळा छटाकांचाच! गुरुजींची खरी कसोटी ह्या पाच वर्षांत लागली.

मघाचे तूप घ्या. पाच रुपये शेर. छटाकेला पूर्वी पाच आणे, डोळे मिटून. आता? पाच रुपयांना सोळांनी भागा. येतात सव्वाएकतीस नये पैसे. आणि पाव नया पैसा तर कुठल्या टांकसाळीत पडतच नव्हता. जुना आडाखा मोडला आणि नवा अजून जन्माला यायचा होता. जुनी पद्धत अवघड असेल, पण तिचे सगळे दात एकमेकांत बसत होते. नवी पद्धत सोपी असेल, पण ती अर्धीच आली होती. अर्धा बदल हा पुऱ्या बदलापेक्षा जड असतो, हे त्या काळी फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाइतके कुणाला कळले असेल?

त्यात आणखी एक गंमत झाली. तिला गंमत म्हणायचे ते आज. त्या वेळी ती भांडणाचे मूळ होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. व्यवहारात सव्वा कसा द्यायचा? म्हणून सरकारी कोष्टक निघाले. अर्धा किंवा त्याहून कमी उरला तर सोडायचा, अधिक असेल तर पुरा धरायचा. त्या हिशेबाने एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५, सहा आण्यांचे ३७, आठ आण्यांचे ५० आणि सोळा आण्यांचे पुरे १००. आता एक मुलगा उठतो आणि विचारतो, "गुरुजी, एका आण्याचे सहा, तर चार आण्यांचे चोवीस व्हायला पाहिजेत. कोष्टकात पंचवीस का?" दुसरा म्हणतो, "माझ्या आईनं तीन आण्यांची भाजी दोनदा घेतली, अडतीस पैसे गेले. एकदम घेतली असती तर सदतीसच गेले असते!" मुलांचे चुकत नव्हते. कोष्टकही चुकीचे नव्हते. मधला दुवा कुणीतरी समजावून द्यायला हवा होता: हे रूपांतर नव्हे, ही जवळची संख्या आहे, आणि जवळच्या संख्या बेरजेत जुळतीलच असे नाही.

तो दुवा गुरुजींना स्वतःला कुणी शिकवला होता? जुन्या गणितात आसन्न किमतीला फारशी जागा नव्हती. रुपये-आणे-पया यांचा हिशेब पैला पै जुळत असे, आणि जुळला नाही तर तो चुकलाच. एक उदाहरण फळ्यावर मांडून पाहू. एका वस्तूची किंमत तीन रुपये सात आणे सहा पया. अशा सात वस्तू. जुन्या रीतीने सहा पया सात वेळा बेचाळीस. त्यांचे तीन आणे सहा पया. सात आणे सात वेळा एकोणपन्नास, हातचे तीन मिळून बावन्न. त्यांचे तीन रुपये चार आणे. तीन रुपये सात वेळा एकवीस, हातचे तीन, चोवीस. उत्तर चोवीस रुपये चार आणे सहा पया. बारांनी एकदा आणि सोळांनी एकदा हातचे न्यावे लागले. नव्या रीतीने आधी किंमतच बदलली, ती झाली ३.४७; सातांनी गुणले, २४.२९. एका ओळीत काम आटोपले! पण जुने उत्तर नव्यात बदलून पाहा, येतात २४.२८. एक पैसा कुठे गेला?

एका पैशाचा प्रश्न म्हणून हसू नका. मुलांसमोर ज्याचे उत्तर कधी चुकले नाही अशा माणसाचे उत्तर एका पैशाने चुकते, तेव्हा तो पैसा फार मोठा असतो. वर्गातला त्याचा अधिकार त्या पैशावर डळमळतो. अशा वेळी काही शिक्षक जुन्यालाच घट्ट धरून बसतात, त्यांना आपण हटवादी म्हणतो. ते हटवादी नसतात बहुधा. ते घाबरलेले असतात. आणि ती भीती बोलून दाखवायला जागा नसते.

तिसरी अडचण टिंबाची. त्या आधी दशांश अपूर्णांक हा वरच्या इयत्तांचा विषय असे. व्यवहारी अपूर्णांक पचल्यावर त्याची ओळख होई. नाणेच दशमान झाले आणि हे टिंब एकदम खाली, लहान मुलांच्या पाटीवर उतरले. तीन रुपये पाच पैसे कसे लिहायचे? मूल लिहिते ३.५. त्याचे झाले साडेतीन रुपये! तीन रुपये पाच आणे लिहिताना तीन, आडवी रेघ, पाच असे लिहून भागत असे. मधल्या शून्याची गरज नव्हती. आता ३.०५ लिहायला शिकवणे म्हणजे शून्याची जागा शिकवणे. ज्या देशाने जगाला दशमान स्थानपद्धती दिली असे आपण अभिमानाने सांगतो, त्या देशातल्या बाजारात ती पद्धत पुरतेपणी यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. हिशेब लिहायचा दशकाने, आणि मोजायचा सोळांनी, बारांनी, चाळिसांनी! हा विरोध मिटवणे हेच तर नव्या मापाचे मोठे काम होते.

मग ह्या काळात शिक्षकांना मदत कशाची झाली आणि कशाची झाली नाही? कोष्टके झाली. ती डाकघरात लागली, दुकानात लागली, पुस्तकांच्या पाठीवर छापली गेली. शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, मण म्हणजे ३७ किलो ३२४ ग्रॅम, तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. कोष्टक हे आंधळ्याच्या काठीसारखे. रस्ता ओलांडायला ती हवीच. परंतु काठी टेकत टेकत आयुष्यभर चालायचे म्हटले तर पाय कधी मोकळे होत नाहीत. ज्या वर्गात 'एक किलो म्हणजे किती शेर?' हाच प्रश्न वर्षभर घोळवला गेला, तिथे मुलांना दुहेरी ओझे झाले. जुनेही पाठ करा आणि नवेही. वर त्यांच्यामधला गुणाकार, तोही ९३३ सारख्या ओबडधोबड संख्येचा.

याउलट किलोचे वजन मुलाच्या तळहातावर ठेवले, शेराच्या वजनाशेजारी ठेवून ते सुमारे पावणेसहा तोळ्यांनी जड आहे हे एकदा हाताला कळू दिले, आणि मग शेराचे नाव सोडून दिले, तर काम सोपे होते. मीटरची पट्टी भिंतीवर खुणा करून दाखवावी. वारापेक्षा ती तीन इंचांहून थोडी अधिक लांब आहे हे डोळ्यांनी पाहावे. मग वर्गाची लांबी, फळ्याची रुंदी, मुलांची उंची मीटरमध्येच मोजावी. भाषा शिकताना जसे, तसेच हे. मनातल्या मनात भाषांतर करीत बोलणारा अडखळतो. त्या भाषेतच विचार करणारा बोलू लागतो.

आणि इथे मला वाटते ती मुख्य गोष्ट येते. शिक्षकाला परिपत्रकापेक्षा आणि कोष्टकापेक्षाही ज्याची गरज होती, ते म्हणजे त्याचे गेलेले आडाखे. जुने परत येणार नव्हते. परंतु नव्या मापाच्या पोटात नवे आडाखे दडलेले होतेच! ते पाहा. क्विंटलचे किलो शंभर, रुपयाचे पैसे शंभर; म्हणून क्विंटलला जितके रुपये, किलोला तितके पैसे. मीटरचे सेंटिमीटर शंभर. म्हणून मीटरला जितके रुपये, सेंटिमीटरला तितके पैसे. किलोला जितके रुपये, दहा ग्रॅमला तितके पैसे. मघाचे तूप पुन्हा घ्या: पाच रुपये किलो असेल तर दहा ग्रॅमला पाच पैसे, शंभर ग्रॅमला पन्नास. आणि जुन्यासारखे तीन वेगवेगळे आडाखे लक्षात ठेवायला नकोत. सगळ्यांना एकच किल्ली लागते. आजही बाजार समितीत सोयाबीनचा क्विंटलचा भाव ऐकताच शेतकरी किलोचा भाव तोंडी सांगतो, तो ह्याच किल्लीच्या जोरावर. चार हजार रुपये क्विंटल म्हणजे चार हजार पैसे किलो, म्हणजे चाळीस रुपये.

ज्या गुरुजींना ही किल्ली सापडली, त्यांना आपले हरवलेले प्रभुत्व परत मिळाले. ते पुन्हा फळ्यासमोर ताठ उभे राहिले. 'तुमचे जुने सारे चुकीचे, हे नवे घ्या' असे सांगून माणूस बदलत नाही. 'तुम्ही जे करीत होता तेच इथेही करता येते, आणि अधिक सोपे करता येते' हे त्याच्या हाताला पटले की तो बदलतो. शिक्षकाला मदत करायची म्हणजे त्याच्या जुन्या कौशल्यातून नव्याकडे जाणारी पायवाट शोधून द्यायची.

जुने सगळेच काही गेले नाही, हेही सांगायला हवे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पाव रुपयाचे नाणे, म्हणजे पंचवीस पैशांचे, जून २०११ अखेर चलनातून बंद झाले. पण त्याला शेवटपर्यंत लोक 'चार आणे'च म्हणत. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेले असते आणि बांधावर बोलणे एकर-गुंठ्यांत चालते. गुंठा आणि आर यांत शेकडा सव्वा-एकाचाच फरक, म्हणून ते निभते. भाजी आपण अजून पाव किलो, अर्धा किलो, दीड किलो घेतो. दोनशे पन्नास ग्रॅम कोण म्हणतो? म्हणजे पावकी-दिडकीची मुळे अजून ओली आहेत, आणि शहाणा शिक्षक त्यांचा उपयोग करतो. खरी गोष्ट आजही 'सोळा आणे' खरी असते, आणि शेराला सव्वाशेर भेटतोच. भाषेने जुनी मापे कोठारात जपून ठेवली आहेत. त्यांना वर्गातून हाकलायची गरज नाही. गोष्टीतली आजी म्हणून त्यांना बसवावे, हिशेबाला नव्या सुनेला उठवावे.

१९५७ चा हा धडा तिथेच संपला असता तर मी आपला एवढा वेळ घेतला नसता. तो पुनःपुन्हा गिरवावा लागला. त्याच साली रशियाचा पहिला उपग्रह आकाशात गेला आणि अमेरिकेत गणिताच्या शिक्षणाची चक्रे फिरली. तिथून 'नवे गणित' जगभर पसरले. आपल्याकडे १९६४ ते १९६६ मध्ये कोठारी आयोगाने शालेय गणिताचे आधुनिकीकरण सुचवले. १९६७ च्या जानेवारीत बालभारती स्थापन झाली. सत्तरीच्या दशकात दहावीचा नवा आकृतिबंध आला, आणि पाठ्यपुस्तकांत 'संच' अवतरले. छेद, संयोग, रिक्त संच! ज्यांनी स्वतः शाळेत संच हा शब्द कधी ऐकला नव्हता, त्यांनी तो उद्यापासून शिकवायचा. घरी आईवडील पुस्तक उघडून पाहत आणि मिटून ठेवत. पुन्हा तीच स्थिती: मुलाची पाटी कोरी, गुरुजींची भरलेली.

अगदी अलीकडचे उदाहरण २०१९ चे. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस, बावीस' यांच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले. त्यामागचा विचार सरळ होता. 'पंचवीस' म्हणताना आधी पाच ऐकू येतात आणि मग वीस; लिहिताना मात्र आधी दोन लिहायचे आणि मग पाच. कोवळ्या मुलाचा इथे गोंधळ उडतो, आणि जोडाक्षरांचे शब्द त्याला जड जातात. गणिताच्या अभ्यास समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी हे शांतपणे समजावून सांगितले. तरी राज्यभर वादळ उठले, टिंगल झाली, प्रकरण विधानसभेपर्यंत गेले. 'एकोणतीस' हा शब्द तर आणखी मौजेचा. तिसाला एक कमी! त्यात एक लहानशी वजाबाकी लपलेली आहे, हे आपल्याला आयुष्यभर जाणवत नाही.

त्या वादात कोण बरोबर, हा निवाडा मी इथे करीत नाही. मला एवढेच दिसते की, १९५७ प्रमाणे ह्याही वेळी वादाच्या धुरळ्यात वर्गातला शिक्षक एकटा पडला. पालक त्याला विचारीत, "हे काय नवीन?" आणि नव्या वाचनाचे कारण त्याच्यापर्यंत नीट पोहोचण्याआधीच ते हास्याचा विषय झालेले होते. कारण ठाऊक असलेला माणूस टिंगल सोसू शकतो. नुसता हुकूम मिळालेला माणूस सोसू शकत नाही.

२०२१ मध्ये देशात 'निपुण भारत' अभियान सुरू झाले. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि संख्येचा अर्थ कळावा, हा त्याचा हेतू. नवी उद्दिष्टे ठरतात, नवे तक्ते भिंतीवर लागतात. हे होतच राहणार. माप बदलणे थांबणार नाही, थांबूही नये; जुन्या मापानेच मोजत राहिलो असतो तर अजून प्रत्येक गावची पायली निराळी राहिली असती.

तेव्हा, वाचकहो, आपल्यापैकी कुणी शिक्षक असाल, कुणी शिक्षकांवर देखरेख करणारे असाल, कुणी नुसतेच पालक असाल, तर इतिहासाने सांगितलेल्या तीन गोष्टी गाठीला बांधा. बदल करायचा तर तो अर्धा ठेवू नका; रुपया शंभराचा आणि शेर सोळाचा अशी पाच वर्षे कुणाच्या वाट्याला आणू नका. कारण आधी शिक्षकाला सांगा, मग मुलाला. १८२६ च्या लोकांना हे कळले होते, आपल्याला कळायला हरकत नाही. आणि कोष्टक द्या, पण त्याच्याबरोबर एखादा आडाखाही द्या.

आपल्या गावात एखादे नव्वदीचे गुरुजी असतील, तर एकदा त्यांच्याकडे जा. मणाचा भाव सांगा आणि अडीच शेरांचे पैसे विचारा. उत्तर आल्यावर त्यांना क्विंटलचा भाव सांगा आणि किलोचे पैसे विचारा. दोन्ही उत्तरे सारख्याच चपळाईने आली, तर समजा की ह्या माणसाने एका जन्मात दोन गणिते शिकवली. त्यांना वाकून नमस्कार करा. त्या नमस्काराचे ते केव्हापासूनचे धनी आहेत.